बाप मारायची घाई करू नका : सोलापुरातल्या लिहित्या मुलामुलींना खुलं पत्र

सोलापुरात एकांकिका, लघुपट, वेबमालिका लिहिणाऱ्या सगळ्या मुलामुलींनो,

सप्रेम नमस्कार.

यंदा तुमच्या संहिता वाचताना मला मनापासून आनंद झाला. सुपरहिरो आता आपल्या गावात राहायला आलाय. कुणाचा नायक अशोक चौकातल्या कारखान्यात यंत्रमागावर रात्रपाळी करतो, कुणाची नायिका विडी घरकुलात आईबरोबर विड्या वळता वळता भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू लागते. हे मुंबईत बसून कुणाला सुचलं नसतं. पण या संहितांमध्ये आणखी एक गोष्ट सारखी येत होती. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पानावर बाप मरतो. कधी ट्रकखाली, कधी कारखान्याच्या आगीत, कधी गुंडाच्या गोळीनं. अर्ध्या पानात तो संपतो, पोरगं आभाळाकडं बघून ओरडतं आणि पान उलटलं की त्याचा पोशाख शिवून तयार असतो.

वाचनाच्या दिवशी याच विषयावर बोलणं निघालं आणि तुमच्यापैकी एकानं लॅपटॉपवर ‘मॅन ऑफ स्टील’मधला टोर्नेडोचा प्रसंग लावला. बाप धुळीत नाहीसा झाला आणि मागून कुणीतरी म्हणालं, “कुत्र्यासाठी मेला की बे!” सगळे हसले. मला त्यावर बोलायचं होतं, पण हॉल मोकळा करून द्यायची वेळ झाली होती. म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की हा मृत्यू खोटा वाटतो ही तक्रार मी गावातल्या दुसऱ्या गटांकडूनही ऐकत आलेय आणि ती मला अर्धीच पटते.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चित्रपट २०१३चा, दिग्दर्शक झॅक स्नायडर, पटकथा डेव्हिड गॉयर यांची. परग्रहावरून आलेलं बाळ कॅन्ससमधलं एक शेतकरी जोडपं पोटच्या पोरासारखं वाढवतं. तोच क्लार्क, पुढचा सुपरमॅन. त्याला वाढवणारा बाप जोनाथन केंट, हे काम केविन कॉस्टनरनं केलंय. पोराच्या अंगात काय आहे हे बापाला ठाऊक आहे आणि जगाला ते कळलं तर जग पोराचं काय करेल या भीतीत तो वर्षानुवर्षं जगतोय. शाळेची बस नदीत पडते तेव्हा लहानगा क्लार्क ती बाहेर काढतो. घरी बाप रागावतो. मग मी त्यांना मरू द्यायचं होतं का, असं पोरगं विचारतं. बाप म्हणतो, कदाचित. पुढं क्लार्क मोठा होतो. एके दिवशी गाडीत बापलेकाचं वाजतं आणि पोरगं म्हणून जातं की तुम्ही माझे वडील नाही, शेतात सापडलेल्या पोराला उचलून आणणारा कुणीतरी माणूस आहात. तेवढ्यात टोर्नेडो येतो. सगळे गाड्या सोडून महामार्गावरच्या पुलाखाली पळतात. कुत्रा गाडीतच राहिलाय. क्लार्क म्हणतो, मी जातो. बाप त्याला अडवतो, तू आईला घेऊन पुलाखाली जा म्हणतो आणि स्वतः जातो. कुत्रा सुटतो, बापाचा पाय जायबंदी होतो. क्लार्क पुढं व्हायला निघतो तर लांबून बाप हात वर करून मान हलवतो. नको. पोरगं थांबतं. टोर्नेडो बापाला घेऊन जातो.

आता तुमचा पहिला आक्षेप घेते. कॅन्ससच्या शेतकऱ्याला एवढंही कळत नाही का, की पुलाखाली थांबणं धोक्याचं असतं? हा प्रश्न ज्यानं विचारला त्याचं मला कौतुक वाटलं, कारण तो बरोबर आहे. अमेरिकेचं हवामान खातं आज लोकांना कळकळीनं सांगतं की टोर्नेडोत पुलाखाली थांबू नका. त्या फटीत वाऱ्याचा जोर वाढतो आणि उडून येणारे पत्रे, काचा थेट अंगावर येतात. ३ मे १९९९ला ओक्लाहोमात असे पुलांखाली आसरा घेतलेले लोक मेले, त्यानंतर हा इशारा फार जोरानं दिला जाऊ लागला. पण त्याआधी लोकांची समजूत नेमकी उलटी होती. २६ एप्रिल १९९१ला कॅन्ससमध्येच एल डोराडोजवळ टीव्हीच्या चमूनं आणि इतर काही जणांनी महामार्गावरच्या पुलाखाली जीव वाचवला. त्याचं चित्रीकरण झालं, जगभर दाखवलं गेलं आणि पूल म्हणजे सुरक्षित जागा हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. चित्रपटात मोठा झालेला क्लार्क तेहतीस वर्षांचा आहे. म्हणजे हा प्रसंग नव्वदच्या दशकातला. त्या काळातला कॅन्ससचा माणूस माणसांना पुलाखालीच पाठवणार. तेव्हा इथं चित्रपट खोटा पडत नाही. तुमच्या संहितेत दुष्काळ असो, सीनेचा पूर असो, कारखान्यातली आग असो, एवढा हिशेब तुम्हीही करा. त्या साली, त्या वस्तीतल्या माणसाला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं?

दुसरा आक्षेप मोठा आहे. पोरगं थांबलंच कसं? डोळ्यांदेखत बाप मरतोय, अंगात डोंगर उचलायचं बळ आहे आणि तो उभा राहतो? “मी नसतो थांबलो,” असं तुमच्यातला एक जण फार पोटतिडकीनं म्हणाला. त्याला माझं सांगणं आहे की गाडीतलं भांडण पुन्हा बघ. या पोरानं जेमतेम काही क्षणांपूर्वी ‘तुम्ही माझे वडील नाही’ म्हटलंय. ते बोलणं परत घ्यायला त्याला वेळच मिळालेला नाही. आणि आता तो माणूस लांबून हात वर करतोय. तो हात डावलून क्लार्क धावला असता तर त्यानं बापाला वाचवलं असतं, पण मघाचं वाक्य खरं ठरवलं असतं. तुम्ही माझे कोण, मी का ऐकू? तो थांबतो, कारण थांबणं हीच त्याच्याकडं उरलेली माफी आहे. आपल्याकडं बापाच्या शब्दाखातर राम वनात गेला, बापाच्या सुखाखातर भीष्मानं लग्न केलं नाही, परशुरामानं तर बापाच्या आज्ञेनं आईवर परशू उचलला. बापाचं ऐकणं माणसाला किती भयंकर ठिकाणी नेऊन उभं करू शकतं हे आपल्या घरात आजीसुद्धा सांगते. म्हणून तो वर केलेला हात मला पटतो, पूर्ण पटतो. पुढं क्लार्कही हेच सांगतो, की माझा त्यांच्यावर विश्वास होता म्हणून मी त्यांना जाऊ दिलं. तुम्ही हसलात तेव्हा मला वाईट वाटलं ते या हातासाठी.

मग मला काय पटत नाही? कुत्रा. तोही कुत्रा म्हणून नाही. घरातलं जनावर गाडीत अडकलं तर माणूस परत जातो. पुरात गोठ्यातली दावी सोडायला मागं फिरलेली माणसं आपल्या जिल्ह्यानं पाहिली आहेत. मला खटकतं ते एवढंच की क्लार्क साध्या पोराच्या वेगानं धावत गेला असता तरी चाललं असतं. दार उघडायचं, कुत्रा सोडायचा, परत यायचं. यात बघणाऱ्याला अद्भुत काही दिसलं नसतं. हे दार लेखकानं उघडं ठेवलंय. प्रेक्षकाला ते दिसतं आणि एकदा दिसलं की मग हात वर झाला तरी त्याचं लक्ष दाराकडंच राहतं. तुमच्या खोलीतलं हसू तिथून आलं. बापाच्या जाण्याला दुसरा कुठलाही मार्ग नव्हता असं वाटायला हवं, आणि इथं मार्ग होता. लेखकाला बाप मेलेला हवा होता म्हणून तो मेला, हे एकदा जाणवलं की नट कितीही मोठा असो, त्याला प्रसंग वाचवता येत नाही.

त्याहून मोठी चूक त्यानंतरची आहे, आणि तुमच्या संहितांशी माझं भांडण नेमकं तिथं आहे. पोरगं किंचाळतं आणि पुढच्या दृश्यात आपण थेट कबरीपाशी, कितीतरी वर्षांनी. मधलं सगळं गायब. त्या दिवशी तो आईला घेऊन घरी कसा गेला? गाडी तर उडून गेली होती. घरात शिरल्यावर कोण आधी बोललं? आईनं त्याला विचारलं का, की तू का थांबलास? ती एकटीच अशी बाई आहे जिला ठाऊक आहे की पोरगं वाचवू शकलं असतं. तरी ती त्याच घरात त्याला जेवायला वाढणार. त्या पहिल्या ताटाचं दृश्य चित्रपटात नाही आणि मला ते अजून हवंय.

१९७८च्या ‘सुपरमॅन’मध्ये हाच बाप हृदयविकारानं जातो. ग्लेन फोर्ड यांनी ते काम केलंय. पोराशी चार शब्द बोलून घराकडं चालायला लागतात, हाताला कळ येते, त्यांना कळतं आणि ते पडतात. एवढंच. त्यानंतर अंत्यविधीला पोरगं म्हणतं की माझ्यात एवढ्या शक्ती असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. बरेच जण या दृश्याला उजवं मानतात, कारण इथं कुठलं दारच उघडं नाही. मलाही ते जास्त सच्चं वाटतं. तरी वर केलेल्या हाताइतकं ते मनात रुतत नाही, कारण इथं पोराला निवडच करावी लागत नाही. गल्लीत गोळ्या घालून मारलेल्या बॅटमनच्या आईबापांबद्दल मी लिहीत बसत नाही. ती गल्ली १९३९पासून, आधी कॉमिकमध्ये आणि मग पडद्यावर, इतक्या वेळा आलीय की आता प्रेक्षक गोळीच्या आधीच डोळे मिटतो.

‘गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी’ हा चित्रपट तुमच्यापैकी बहुतेकांना विनोदी म्हणून आवडतो. २०१४चा. त्याची सुरुवात आठवा. १९८८ साल, रुग्णालय, कर्करोगानं संपत आलेली आई आणि कानाला हेडफोन लावून बाहेर बसलेला लहान पीटर. आई म्हणते, माझा हात धर. तो धरत नाही. तोंड फिरवतो. आई जाते. मला या सगळ्या चित्रपटांतला सर्वांत खरा मृत्यू हाच वाटतो. तिथं टोर्नेडो नाही, खलनायक नाही. घाबरलेलं पोर आहे आणि घाबरलेलं पोर जे करतं तेच ते करतं. पुढं त्याला अंतराळातली सगळी साहसं मिळतात, पण प्रेक्षकाला ठाऊक असतं की हा त्या न धरलेल्या हातापासून पळतोय.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०१६ला ‘सैराट’चा शेवट केला. त्यात उडणारं कुणी नाही, पण आईबापांचा मृत्यू कसा दाखवावा हे शिकायचं असेल तर तो शेवट पुन्हा बघा. मारणं दिसतच नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लहान पोर परत येतं, रक्तात पाय पडतो, ते मागं फिरतं आणि फरशीवर पावलं उमटत जातात. संगीत नाही, आवाज नाही. सगळं थिएटर त्या पावलांकडं बघत बसलेलं मी पाहिलंय. पोराला काही कळलेलं नाही, तेच आपल्याला असह्य होतं. तुमच्या संहितांमधली मुलं बापाच्या देहापाशी इतकं नेमकं बोलतात, शपथा घेतात, सूडाची वाक्यं टाकतात. खरी माणसं तेव्हा असं बोलतात का?

माझे वडील मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. शेवटी छातीनं दगा दिला. रुग्णालयात मी आणि भाऊ जवळ होतो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायची मनाई. संध्याकाळी त्यांनी मास्क स्वतःच बाजूला केला आणि भावाला विचारलं, “गाडी कुठं लावलीस?” तो म्हणाला, गेटबाहेर. “उचलून नेतील. आत घे जा.” भाऊ म्हणाला, राहू द्या अण्णा, बघू नंतर. अण्णांनी हातानं खूण केली, जा. तो गेला. जिन्यातच असेल, तोवर इकडं संपलं होतं. तो वर आला तेव्हा मी काही बोलले नाही, सिस्टर पडदा ओढत होत्या त्यावरून त्याला कळलं. मग त्यानं काय केलं? चादर सरळ केली. पायाकडची घडी निघाली होती ती पुन्हा घातली, कोपरे गादीखाली खोचले. आई आली तर तिनं पहिला प्रश्न विचारला की तुम्ही दोघं दुपारी जेवलात का. कुणी तरी आधार कार्ड मागत होतं, कुणी तुळशीचं पान आणायला गेलं होतं. गाडीची किल्ली भावाच्या मुठीत स्मशानापर्यंत होती, मडकं धरायला हात मोकळा करायचा तेव्हा त्यानं ती माझ्याकडं दिली.

माझ्या भावाकडं कुठली शक्ती नव्हती. पण त्याच्या जागी तुमचा नायक उभा करा. ज्याला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, त्याला जिन्यात असताना वरचा श्वास थांबलेला ऐकू येईल. तो पळत वर जाईल, की बापानं सांगितलंय म्हणून गाडी आत घेऊनच वर जाईल? इथं दृश्य आहे. यासाठी ट्रक लागत नाही.

तुमच्यातल्या एकीच्या संहितेत डॉक्टर नायिका आहे, तिच्या हाताला बरं करण्याचा गुण येतो. तिला मी भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक बघून यायला सांगते. द्वारकानाथ कोटणीस, आपल्या सोलापूरचे. १९३८ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथं युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या. ते तिकडं असतानाच इकडं वडील वारले. बातमी पोचली, तरी ते परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ला तिथंच गेले, वय बत्तीस. परक्या मुलखातल्या माणसांना वाचवणारे हात आणि आपला बाप मात्र त्या हातांच्या टप्प्याबाहेर. लेखक म्हणून विचार करा की ती बातमी वाचल्यावर पुढचा जखमी आत आणला गेला असेल तेव्हा त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल. त्याचं उत्तर मला कुणी द्यायची गरज नाही, ते तुमच्या नायिकेला द्या.

आणि जे हॉलिवूडच्या लेखकांच्या हाताशी नाही ते तुमच्या हाताशी आहे. त्यांचा बाप मेला की कबर, काळे कपडे, पाऊस, संपलं. आपल्याकडं माणूस गेल्यावर घर दहा-तेरा दिवस मोकळं होत नाही. कुणी भाकरी-पिठलं घेऊन येतं, कुणी चूल पेटवू देत नाही. ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं तो चुलता येऊन कोपऱ्यात बसतो. तिसऱ्या दिवशी राख सावडायची. दहाव्याला पिंड ठेवायचा आणि सगळ्यांनी लांब उभं राहून कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवत नाही तोवर एकेक जण पुढं होऊन मेलेल्या माणसाला शब्द देतो. धाकटीचं लग्न करतो. आईला सांभाळतो. कर्ज फेडतो. तरी कावळा येत नाही. आता तिथं तुमचा सुपरहिरो उभा करा. तो उडून तो कावळा धरून आणू शकतो. आणि त्याचा काही उपयोग नाही. त्याला पुढं होऊन काही तरी कबूल करावं लागेल, सगळ्या भावकीसमोर, जे त्यानं आतापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. सुपरहिरोचा मुखवटा घरात पहिल्यांदा कुठं गळून पडावा, तर मला वाटतं इथं. सगळ्यांच्या घरी ही रीत नसते हे मला ठाऊक आहे. आपल्या गावात तेलुगू बोलणारी घरं आहेत, लिंगायत, मुसलमान घरं आहेत, प्रत्येकाचे ते दिवस वेगळे. तुमच्या घरचे जे असतील ते लिहा.

तेव्हा माझं मागणं एवढंच. पुढच्या वाचनाला येताना बापाच्या मृत्यूचं दृश्य आणू नका. त्याआधी बापाला निदान तीन दृश्यं जगू द्या, आणि त्यातल्या एका तरी दृश्यात तो चुकीचा असू द्या, त्याचं नि पोराचं वाजू द्या. मग मृत्यूची जागा मोकळी सोडा आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहून आणा. दूध कुणी आणलं, त्याचा फोन वाजला तो कुणी उचलला, कारखान्यात कळवायला कोण गेलं. ती सकाळ खरी उतरली तर आदल्या दिवशी तो कसा गेला हे आपण सगळे मिळून ठरवू. ज्या मुलीनं विडी घरकुलातली आई लिहिलीय तिनं तिची संहिता नक्की आणावी, तिच्या चौथ्या पानावर आईचं विड्या वळायचं सूप तसंच पडून राहिलेलं आहे आणि ते उचलायचं कुणाच्याच ध्यानात येत नाही. तिथपासून वाचायला सुरुवात करू.

तुमची,
तुमच्या तालमींना मागच्या रांगेत बसणारी एक रंगकर्मी
सोलापूर